खाटा नऊ ते सोळा

पेलिकन बे
१४ जानेवारी २००२

ऑर्लिन,

तुला जाऊन दोन महिने झाले आणि तुझी पहिली तक्रार तिथल्या चहाबद्दल आहे, हे वाचून बरं वाटलं. चहावरून कुरकुरणारं माणूस जगतं. काळजी करावी ती गप्प पडलेल्याची. हे मी तुला वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर माझं तोंड सुटतं आणि मग आठवडाभर मलाच चुटपुट लागते. पत्रात मी तोलूनमापून भांडते.

इथली बातमी एवढीच, की तू अजून ड्युटीवर आहेस. मेट्रन ब्रॅम्बलबाईंनी फळ्यावरचं एकही नाव पुसलेलं नाही. अकरा नर्सांची नावं आहेत. त्यातली तू लीड्सला, व्हेल्मा ब्रुकलिनला, दोघी टोरांटोला, दोघी कुठे ते त्यांच्या आयांनाही नीट सांगता येत नाही. उरलेल्या पाच इथे, त्यात एक बाळंतपणाच्या रजेवर. मेट्रनबाई म्हणतात, ओळ रिकामी दिसली की राजधानीतले साहेब जागाच कापतात. नाव असलं की जागा राहते. म्हणजे खुर्ची शाबूत ठेवायची, बसणारीचं पुढचं पुढे बघू.

तेव्हा बायकांचा वॉर्ड, खाटा नऊ ते सोळा, दुपारी दोन ते नऊ, नर्स ऑर्लिन क्वाशी. आठही खाटांच्या पायथ्याच्या पाटीवर खडूने तुझं नाव आहे. इतकी गुणी नर्स मी पाहिली नाही. उशीर नाही, रजा नाही, केसांच्या पिना माझ्या ट्रेमध्ये नाहीत. अकरा नंबरच्या टॉयलिनबाई तुला दिवसभर हाका मारतात. मी गेले की म्हणतात, "तू नव्हेस. ऑर्लिन पाहिजे. पाटीवर बघ की!"

तुझी आई ठणठणीत आहे. रविवारी चर्चमध्ये तिने सगळ्यांपेक्षा अर्धा सूर वर लावला आणि शेवटपर्यंत उतरली नाही. मी तिची धाकटी बहीण आहे हे पाद्रीबाबांपासून आता लपवता येत नाही. तिने पेरूच्या वड्या केल्यात. डबा पाठवतेय. तू एकटीने संपवू नकोस, असं तिने सांगितलंय. संपवशील, असं मी सांगते.

युलाली मावशी

*

लीड्स
३ फेब्रुवारी

मावशी,

डबा पोचला. एकटीने संपवला.

माझं नाव पुसा गं. हसू येतं, पण ड्युटीवरून येऊन पाय वर करून बसले की आठवतं, इथे मी बसलेय आणि तिथे टॉयलिनबाई मला हाका मारतायत. घास घशाखाली उतरत नाही. (वड्या उतरल्या.)

इथेही नर्सा नाहीतच. म्हणून तर आम्हाला आणलं. अठ्ठावीस खाटा आणि एका पाळीला आम्ही दोघी. दुसरी फिलिपिन्सची, मारिव्हिक, गाते छान. इथल्या नर्सा गेल्या कुठे, म्हणून विचारलं तर म्हणे ऑस्ट्रेलियाला. ऑस्ट्रेलियातल्या कुठे जातात कुणास ठाऊक. सगळ्या अशाच एकेक घर पुढे सरकत राहिल्या तर शेवटची समुद्रात पडेल.

आईचं अक्षर का असं वाकडं झालंय? चार ओळी लिहिते आणि "बाकी सर्व क्षेम" म्हणून मोकळी होते. तिच्या मागच्या पायरीवर शेवाळ धरतं, ते कुणाकडून तरी घासून घे. ती स्वतः घासायला बसेल, बसू देऊ नकोस. तिच्यासाठी लोकरीचे मोजे पाठवतेय.

ऑर्लिन

*

पेलिकन बे
२५ फेब्रुवारी

ऑर्लिन,

शेवाळ घासून घ्यायचं राहून गेलं. हे आधी लिहिते, नंतर लिहायचा धीर होणार नाही.

तुझी आई मंगळवारी सकाळी पायरीवरून घसरली. उजवा खुबा मोडलाय. डोकं शाबूत आहे. ॲम्ब्युलन्समध्ये तिने कथबर्टला गाडी कशी हाकावी ते सांगितलं. हाडाचा डॉक्टर राजधानीत, त्याची तारीख वीस जूनची मिळालीय. तोवर निजून राहायचं.

मी तिला तीन नंबरची खाट देत होते, माझ्या टेबलासमोरची. तिने स्ट्रेचरवरूनच पाट्या वाचल्या आणि म्हणाली, "मला माझ्या लेकीच्या खाटांत टाक."

म्हटलं, "इडोना, लेक लीड्सला आहे."

"मला शिकवू नकोस. पाटीवर काय लिहिलंय?"

आता ती बारा नंबरला आहे. भेटायला येईल त्याला पाटी दाखवते आणि सांगते, "माझं सगळं माझी लेकच बघते." चर्चमधल्या दोघी जणी तुला भेटायला थांबल्या होत्या. अर्धा तास थांबून गेल्या.

तू येऊ नकोस. दर दोन तासांनी कूस बदलली जाते, बदलल्याचा तक्ता भरला जातो, पाठ पुसली जाते. नवी नोकरी आहे, पहिल्याच वर्षी रजा मागणारी नर्स कुणाला आवडत नाही. मलाही आवडायची नाही.

युलाली मावशी

*

लीड्स
१० मार्च

मावशी,

"बदलली जाते" म्हणजे कोण बदलतं?

तूच आम्हाला शिकवलंयस, "औषध दिलं गेलं" असं लिहिणारी पोरगी औषध द्यायला विसरलेली असते. मग स्वतः असं का लिहितेस?

चार महिने पडून राहणार ती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगावर मांस नाही. खुब्याने कुणी मरत नाही, पाठीने मरतात, हेही तूच शिकवलंयस. पाठीला एकदा जखम झाली आणि विष अंगात भिनलं, तर तो डॉक्टर वीस जूनला येऊन काय करणार आहे?

माझी तीन आठवडे रजा आहे, एप्रिलमध्ये. पण इथल्या दोघी सोडून गेल्या आणि मोठ्या सिस्टरने माझा हात धरून विचारलं, जुलैत घेशील का? त्या बाई कुणाचा हात धरत नाहीत. मी म्हटलं, विचार करून सांगते.

तर तू आईच्या तक्त्याची प्रत पाठव. खरी, झेरॉक्स मशीनवर काढलेली, हाताने उतरवलेली नको. तक्ता नीट असेल तर जुलैत येते. नसेल तर एप्रिलमध्ये, हात सोडवून.

ऑर्लिन

*

पेलिकन बे
२३ मार्च

ऑर्लिन,

तक्त्याची प्रत सोबत. पूर्ण आहे. जुलैत ये.

मोजे पोचले. इथे बत्तीस डिग्री आहे. तरी इडोनाने उशाशी ठेवलेत आणि कुणाला हात लावू देत नाही.

युलाली मावशी

*

पेलिकन बे
हवाई टपालाने
२ एप्रिल २००२

प्रति,
नर्स ऑर्लिन क्वाशी,
मुक्काम लीड्स, इंग्लंड

विषय : खाट क्रमांक १२ वरील रुग्णाची हेळसांड – खुलासा मागवणेबाबत.

काल, ईस्टरच्या सोमवारी, निम्नस्वाक्षरीकार राजधानीतील पाहुण्यांसह वॉर्डाच्या पाहणीस गेल्या असता, खाट क्र. १२ वरील रुग्ण श्रीमती इडोना क्वाशी यांच्या कमरेखाली तळहाताएवढी जखम आढळली. पाहुण्यांनीही ती पाहिली.

ड्युटीच्या फळ्यानुसार सदर खाट दुपारपाळीत आपल्याकडे आहे. तक्त्यावर कूस बदलल्याच्या सर्व सह्या आपल्या नावाच्या आहेत. आपण कर्तव्यावर असताना अशी जखम कशी झाली, याचा लेखी खुलासा हे पत्र निघाल्यापासून सात दिवसांत सादर करावा. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून नर्सिंग कौन्सिलकडे कळवण्यात येईल.

थिओडोरा ब्रॅम्बल
मेट्रन

*

पेलिकन बे
३ एप्रिल

माझ्या लेकरा,

मेट्रनचं पत्र तुला मिळेलच. तिला ठाऊक आहे तू कुठे आहेस, पत्ता तिनेच माझ्याकडून घेतला. म्हणाली, "युलाली, पाहुण्यांसमोर झालंय, कागद कुणाला तरी पाठवावाच लागेल. फळ्यावर तिचं नाव आहे." मी म्हटलं, "बाई, ती चार हजार मैलांवर आहे." म्हणाली, "म्हणूनच तर तिकीट लावतेय."

आता खरं सांगते.

सुरुवातीला मी इडोनाची कूस बदलायचे आणि तुझी सही करायचे. पाटीवर तू, म्हणून सही तुझी. यात मला काही गैर वाटलं नाही. मग लक्षात आलं, चष्मा शोधा, पेन शोधा, यात दर खाटेला दोन मिनिटं जातात. बत्तीस बायका आणि मी एकटी. म्हणून दोन वाजताच चारही सह्या ठोकून ठेवू लागले, दोनची, चारची, सहाची, आठची. वाचलेल्या वेळात कूस बदलायची, असा बेत. आणि मग काय झालं माहीत आहे? सहा वाजता धावत बारा नंबरपाशी यायचे, रकाना भरलेला दिसायचा आणि मला खरंच वाटायचं, हिची बदलून झालीय. पुढच्या खाटेकडे जायचे. माझीच सही बघून मी फसले.

आणखी एक आहे. एखाद्या दिवशी आठवायचंही. तेव्हा वाटायचं, ही घरचीच आहे, थांबेल. परक्या बायकांचं आधी करू.

ती थांबली. हूं की चूं केलं नाही. सोमवारी सगळे गेल्यावर मी तिच्यावर ओरडले, "बाई गं, तोंड शिवलं होतं का? एक हाक मारायची होतीस!" तर म्हणते, "पाटीवर ऑर्लिनचं नाव आहे. मी कुरकुर केली तर पोरीच्या नावाला बट्टा नाही का लागणार?"

ऑर्लिन, मी एकतीस वर्षांत वॉर्डात रडले नव्हते. कपड्यांच्या खोलीत गेले आणि कथबर्टला सांगितलं, चादरी मोजतेय.

तू मेट्रनला सरळ लिही, सह्या माझ्या नाहीत, मी लीड्सला होते. खरं आहे ते. कौन्सिलने तुझ्या नावापुढे खूण केली तर तिथली नोकरीही जाईल. माझी निवृत्ती ऑगस्टमध्ये आहे. पेन्शन गेली तर गेली. माझ्या कर्माने गेली असं म्हणेन आणि नीरफणस भाजून खाईन, झाडाला पुष्कळ लागलेत.

तिला कालपासून ताप आहे.

मावशी

*

लीड्स
४ एप्रिल

मावशी,

प्रत मिळाली. प्रत्येक रकान्यात "ऑ. क्वा." आहे. अक्षर तुझं आहे, ते सोड. पाच मार्चची ओळ बघ. दोनच्या सहीवरून तुझा हात फिरलाय आणि शाईचा एकच फराटा सरळ आठच्या सहीपर्यंत गेलाय. आठ वाजेपर्यंत दोनची शाई ओली राहत नाही, मावशी.

तुला चार शब्द सुनवायचे म्हणून कागद घेतला होता. पण मला तो फराटा इतक्या पटकन का दिसला, ते सांगते. गेल्या मंगळवारी मीही हेच केलं. हार्टली नावाच्या एक आजी आहेत, मला "पोरी" म्हणतात. त्यांचे तीन रकाने मी एकदम भरले आणि नंतर दुसरीकडे अडकले. दुसऱ्या दिवशी त्यांची टाच लाल झाली होती. त्यांनी मला चॉकलेट दिलं.

मोठ्या सिस्टरच्या हातातून हात सोडवलाय. तेरा तारखेला, शनिवारी पोचते. विमानतळावर कुणी येऊ नका. जी येईल तिने तेवढ्या वेळात आईची कूस बदलावी.

ऑर्लिन

*

पेलिकन बे, बायकांचा वॉर्ड
१७ एप्रिल २००२

मेट्रन ब्रॅम्बल यांस,

आपले २ एप्रिलचे पत्र लीड्सला ११ तारखेला मिळाले. सात दिवस तोवर संपले होते. खुलासा समक्ष आणून देत आहे, उशीर माफ व्हावा.

आपल्या फळ्यानुसार मी नोव्हेंबरपासून रोज दुपारी दोन ते नऊ ड्युटीवर आहे. मी ड्युटीवर होते, तर तक्त्यावरच्या सह्या माझ्या आहेत. त्या मी मान्य करते. रुग्णाची कूस मी बदलली नाही, हेही मान्य करते.

सह्या माझ्या नसतील, तर मी ड्युटीवर नव्हते. मग नऊ ते सोळा या खाटांवर कोण होतं, ते फळा लिहिणाऱ्यांनी सांगावं. आणि बाकीच्या पाच जणींच्या खाटांवर कोण आहे, तेही त्याच कागदावर यावं. दोन्हींपैकी कोणतं खरं धरायचं ते आपण ठरवा. मला दोन्ही चालेल. कौन्सिलला पाठवायचा तर हा कागदही सोबत पाठवावा, त्याची प्रत माझ्याकडे आहे.

सिस्टर युलाली डोरसेट यांचं नाव या प्रकरणात कुठेही आलेलं नाही, कारण त्यांच्याकडे खाटा एक ते आठ आहेत आणि त्या आठही बायकांच्या पाठी मी स्वतः तपासल्या. एकीलाही ओरखडा नाही.

शनिवारी दुपारी तीनला मी बारा नंबरपाशी आले. रुग्णाने मला ओळखलं. त्या म्हणाल्या, "तुझी ड्युटी दोनची होती ना?"

शनिवारपासून रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली आहे. सह्या माझ्या आहेत, जुन्या सह्यांशी जुळणार नाहीत. ताप उतरला आहे. जखम अजून आहे.

मी ४ मे रोजी परत जात आहे. त्या दिवशी दुपारी दोनच्या आत फळ्यावरून माझं नाव पुसावं, ही विनंती. नाहीतर या आठ बायका पुन्हा माझ्याच भरवशावर राहतील.

आपली,
ऑर्लिन क्वाशी

*

पेलिकन बे
१६ जून

ऑर्लिन,

मंगळवारी तू फोनवर रडत होतीस आणि मी तुला शवपेटीच्या कड्या पितळी घेतल्या की साध्या, हे सांगत बसले. म्हणून म्हणते, मला फोन करू नये. आता नीट लिहिते.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला तुकड्यातुकड्याने कळलंय. चौकशीचा कागद कौन्सिलकडे गेलाच नाही. मेट्रनबाईंनी तो कुठे ठेवला ते विचारायची माझी हिंमत नाही, तिला सांगायची नाही. चार मेला सहाही नावं तिने स्वतः पुसली. पुसताना फळ्याला नव्हे, मलाच पुसतेय असं तोंड होतं. आणि बाईचं म्हणणं खोटं नव्हतं हो. पंधरा दिवसांत राजधानीहून पत्र आलं: सहा जागा रिकाम्या, सबब रद्द. खाटा नऊ ते सोळा बंद. टॉयलिनबाईंना त्यांच्या पुतण्याने नेलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "ऑर्लिनला सांग, वाट पाहिली."

मी तीन महिने आधीच निवृत्ती घेतली. पेन्शन थोडी कमी, पण आहे. इडोनाला माझ्याकडे आणलं, पुढच्या खोलीत, खिडकीशी. कथबर्टने तिला आणलं, तेव्हा तिच्या पोटावर चादरीखाली काहीतरी टणक होतं. बारा नंबरची पाटी! "ती खाट बंद झालीय, आता त्यांना कशाला हवी?" म्हणाली. हॉस्पिटलची वस्तू चोरून आणलेली माझ्या घरात पहिलीच. खाटेच्या पायथ्याशी टांगून घेतली तेव्हा झोपली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची आणि सांगायची, "लेक बघते. युलाली आपली मदतीला आहे."

एक रुग्ण, एक नर्स. असा वॉर्ड मला एकतीस वर्षांत मिळाला नव्हता. जखम भरत आली होती, ऑर्लिन. खोटं सांगत नाही, बोटाच्या पेराएवढी उरली होती. पण ते विष एकदा रक्तात शिरलेलं असतं ते दबा धरून बसतं. नऊ जूनला ताप चढला, तो उतरलाच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मला माहीत आहे काय ते, आणि ते कुणी केलं तेही.

तुला पुन्हा रजा मिळाली नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. हार्टली आजींच्या टाचेचं काय झालं ते मात्र कळव.

चर्च भरलं होतं. तिचं आवडतं गाणं सगळ्यांनी खालच्या सुरात म्हटलं. कुणालाच तिच्याएवढं वर जाता आलं नाही.

मोजे मी तिच्या पायांत घातले. पाटी तुझ्या खोलीत ठेवलीय. पुसलेली नाही, तू आलीस की काय ते कर.

तू मागे तक्ता मागितला होतास आणि मी खोटा पाठवला होता. आता हा घरचा पाठवते. प्रत नव्हे, मूळ कागद आहे. सह्या माझ्या नावाच्या आहेत, एकेक वेळची वेगळी. एकोणतीस मेचा दुपारी दोनचा रकाना कोरा दिसेल. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. तो तसाच ठेवलाय.

शेवटची ओळ अकरा जून, मंगळवारची आहे. दुपारी दोनची सही आहे. चारचा रकाना कोरा आहे, सहाचा, आठचाही. ते माझ्याकडून राहिलेले नाहीत.

युलाली मावशी